न वाजलेला भोंगा

जयमाला नगरला नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, सुमनबाईंना, आजतागायत धड सांगता आलेलं नाही. उंबरदऱ्यात कुणी विचारलं तर त्या "कॉम्प्युटरमधी हाय" एवढं सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाचं आधण ठेवायला उठतात. वडील भाऊसाहेब मात्र बरोबर सांगतात. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस तो. ते म्हणतात, "माझंच काम करती. कुठल्या गाडीला कुठला पार्ट बसतो, त्ये बघती."

आणि ते खरंच आहे. आजकाल कुठलाही प्रोग्राम कुणी पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहीत बसत नाही. जगात कुणीकुणी लिहून फुकट ठेवलेले तयार तुकडे आणायचे आणि जोडायचे. हे तुकडे मिळायची दुकानंही ठरलेली आहेत. पायथॉनमधल्या कामाचं सामान पिपकडे, जावास्क्रिप्टचं एनपीएमकडे आणि खुद्द मशिनच्या पोटात जे लागतं ते ॲप्टकडे. एक तुकडा मागवला की तो आपल्यासोबत आणखी चार घेऊन येतो, आणि या तिन्ही दुकानांचं एकमेकांशी बोलणं नाही. शेगडी एकाकडून, नळी दुसऱ्याकडून आणि रेग्युलेटर तिसऱ्याकडून आणावा, तशातली गत. शेगडी बदलली आणि जुनी नळी बसेना, तर तिघंही हात वर करायला मोकळे. कुठल्या तुकड्याची कुठली आवृत्ती कुणाशी जमते, हे सांभाळणं म्हणजे जयमालाची नोकरी. ऑफिसातले तिला 'आवृत्तीबाई' म्हणत. ती चिडत नसे, कारण काही मोडलं की तेच टवाळ लोक तिच्या टेबलाभोवती गोळा होत.

ही शिस्त तिला कॉलेजात नव्हे, घरात लागली. भाऊसाहेबांकडे एक लांबुडकी वही होती. गाडीचा नंबर, बदललेला पार्ट, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि त्यांचा एक नेम होता. दुरुस्ती झाली, इंजिन चालू आहे, आवाज झकास आहे, ड्रायव्हर घाई करतोय, तरी ते गाडी सोडत नसत. आधी बंद करायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा चालू करायची. "चालू हाय ती चालतीच," ते म्हणत, "बंद झाल्याव परत उठती का, त्ये बघायचं." लहानपणी जयमालाने हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते ऐकू यायचंच बंद झालं होतं.

उंबरदरा गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या डोंगरातून खाली उतरलं की नदीकाठी लागतं. पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. उसात बिबट्याची पिलं सापडणं ही तिथे बातमी राहिलेली नाही. बायका गवताला जाताना दोघी-तिघी मिळून जायच्या, एकीने रिकामा डबा बडवायचा, दुसरीने मोठ्याने बोलत राहायचं. दोन वर्षांपूर्वी बिबट्याने वस्तीवरची वासरं लागोपाठ उचलली, तेव्हा जयमालाने सुट्ट्या टाकून गावासाठी एक यंत्रणा उभी केली. उसाच्या कडेला चार खांबांवर कॅमेरे. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कॉम्प्युटर. त्यातला पायथॉनचा भाग चित्र बघून बिबट्या ओळखणार, जावास्क्रिप्टचा भाग फोनवर संदेश पाठवणार आणि पंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा वाजवणार.

तपासणीसाठी अकोल्याहून बिबट्याचा पुरा मापाचा फ्लेक्स छापून आणला होता. गावात वाढदिवसाशिवाय लागलेला तो पहिलाच फ्लेक्स, अशी थट्टा झाली. तो कॅमेऱ्यापुढे धरला आणि भोंगा असा काही वाजला की शाळेतली पोरं बाकाखाली गेली. सरपंच आबासाहेबांनी नारळ फोडला. भाऊसाहेबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बौद्धवस्तीतला माणूस गावाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसला म्हणून कुणी काही बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. भाऊसाहेब खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते, ते जयमाला विसरली नाही.

भोंग्याने पुढे काम चोख केलं. इतकं चोख, की बायकांनी डबे घरी ठेवले. भोंगा वाजला नाही म्हणजे वाघरू नाही, एवढा सोपा हिशेब. फ्लेक्सही रिकामाच होता, तो रतनबाईंनी मागून नेला आणि गाईच्या कडब्यावर झाकायला घातला. रतनबाई म्हणजे अजिनाथची आई. अजिनाथ पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, जयमालाच्याच वर्गातला. यंत्रणेवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. लक्ष म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे ना, एवढं बघायचं.

यंदा पितृपंधरवड्यात अजिनाथचा फोन आला. संदेशातली मराठी अक्षरं काही फोनवर नुसते चौकोन दिसतात, लोक कुरकुर करतात. काम किरकोळ होतं. शुक्रवारी संध्याकाळी जयमालाने नगरहूनच मशिनवर जाऊन एनपीएममधून संदेशाचा तुकडा नवा घेतला. त्या तुकड्याला तो ज्याच्या आधाराने चालतो ते खालचं नोड नवं हवं होतं. ते तिने ॲप्टमधून घेतलं. ॲप्टने ते देताना मशिनच्या पोटातले आणखी काही जुने तुकडे बदलून नवे ठेवले. यादी पडद्यावरून सरसर वर गेली, तिने ती पाहिली आणि नीट वाचली नाही. संदेश पाठवून बघितला, अक्षरं सुरेख आली. मशीन बंद करून चालू करावी, हे मनात आलं होतं. पण उठली नाही तर सोमवारपर्यंत तिथे बटण दाबायला माणूस नाही, आणि चाललंय ते छान चाललंय. राहू दे, गावी गेल्यावर करू. ऑफिसात हेच दुसऱ्या कुणी केलं असतं, तर तिने त्याला उभं-आडवं घेतलं असतं.

घट बसायच्या आधी गावात घरंच्या घरं धुऊन निघतात. गोधड्या नदीवर जातात, भांडी अंगणात येतात, जुनं-फाटकं बाहेर पडतं. अजिनाथने पंचायतीची खोलीही तशीच काढली. कॉम्प्युटरची पिन उपसली, टेबल बाहेर घेतलं, भिंती झाडल्या, फरशी धुतली. पुन्हा सगळं जागेवर लावून त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि हात फिरतोच आहे तर त्यातलंही जुनं काढून टाकावं म्हणून 'जुने' नावाचं एक फोल्डर पुसून टाकलं. सणाच्या तोंडावर जुनं घरात ठेवत नाहीत, कॉम्प्युटरमध्ये तरी का ठेवावं? कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. तो उदबत्ती लावून घरी गेला.

चौथ्या माळेला दिवस कलताना रतनबाई एकट्याच गवताला गेल्या. नवरात्राचा उपवास, पायात चप्पल नाही, डबा दोन वर्षांपूर्वीच माळ्यावर गेलेला. उसाच्या बांधावर त्या वाकून कापत होत्या. भोंगा वाजला नाही. बिबट्याने त्यांचा विळ्याचा हात कोपराखाली धरला. शेजारच्या रानातली माणसं ओरडत धावली म्हणून जीव वाचला. नाशिकला नेलं, टाके पडले, हात राहिला. पण बोटांकडे जाणाऱ्या शिरा तुटल्या होत्या आणि ती बोटं पुन्हा मिटणार नव्हती.

जयमाला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघाली. संगमनेरला गाडी बदलताना आबासाहेबांचा फोन आला. "अजिनाथनं कायतरी पुसलं म्हनं त्यातलं. सोता कबूल झालाय. रडतोय नुसता. तू यिऊन बघ."

हे ऐकून तिला हायसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, तिने पुढे स्वतःही लपवलं नाही. एका बाईचा हात निकामी झाला होता, तिचा मुलगा ऊर बडवत होता, आणि स्टँडवर उभ्या असलेल्या जयमालाच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. अकोल्यापर्यंतच्या वाटेत तिला त्याची इतकी लाज वाटली की तिने खिडकीकडे तोंड करून घेतलं.

मशीन उघडून कारण सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अजिनाथने पुसलेल्या फोल्डरमध्ये उद्घाटनाचे फोटो होते. नारळ, हार, भाऊसाहेबांची खुर्ची. भोंग्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. झालं होतं ते वेगळंच. त्या शुक्रवारी ॲप्टने मशिनच्या पोटात जे बदललं, ते पिपकडच्या सामानावर उभ्या असलेल्या, बिबट्या ओळखणाऱ्या भागाला चालणारं नव्हतं. पण तो भाग तेव्हा चालू होता, जुनं सगळं डोक्यात घेऊन. म्हणून चालत राहिला. अजिनाथने पिन काढली, मशीन पुन्हा उठली, तेव्हा तो उठलाच नाही. हिरवा ठिपका दाखवायचं काम संदेशाच्या भागाकडे होतं, आणि तो तर नवाकोरा, ठणठणीत होता. आठवडाभर चार कॅमेरे उसाकडे बघत होते आणि ते काय बघतात, हे बघणारं आत कुणी नव्हतं.

नोंदीत तारीख होती, वेळ होती, आणि हुकूम देणाराचं नाव होतं. जयमाला.

आबासाहेब दारात उभे होते. "काय उडवलं त्यानं?"

"बघते अजून," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस ती बघतच होती. दुरुस्ती तासाभराची होती, ती त्याच दिवशी झाली. बाकीचा वेळ ती पडद्यापुढे बसून राही. पायरीवर अजिनाथ बसलेला असे. नाशिकला मामा थांबला होता. आईच्या समोर जायचं धाडस ह्याला होत नव्हतं. एकदा तो आत आला आणि म्हणाला, "जयमाला, मला त्ये परत शिकवशील का गं? काय पुसायचं, काय न्हाई? म्हंजी मला कामावर ठिवलं तर." तिने मान हलवली. आबासाहेबांनी दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत त्याला काढायचा विषय घेतला होता.

घरी भाऊसाहेबांनी जेवताना विचारलं, "नवं काय बसवलं हुतं का त्यात?"

"व्हय. संदेशाचं."

"बंद करून परत चालू केल्तं?"

जयमालाने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. सुमनबाई एकदा हिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या. भाऊसाहेबांनी ताटात हात धुतला. ते असं कधी करत नसत.

मग ते म्हणाले, "मला समजलं. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई. गप ऱ्हा."

"अण्णा, अजिनाथला वाटतं त्यानं आईचा हात..."

"मला ठाव हाय. पर त्यो त्यांच्यातला हाय. त्याला चार दिस बोलतील, मंग घिऊन बसतील पंगतीला. आपल्याला न्हाई बसायचं घिऊन. ह्या गावात खुर्ची मिळायला माजी हयात गेली, जया."

वडिलांचं ते बोलणं ऐकून तिला राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. कारण ते खोटं बोलत नव्हते. ज्या माणसाने अर्ध्या सेकंदात चूक ओळखली, ज्याने कधी एक गाडी तपासल्याशिवाय सोडली नाही, तो तिला हे सांगत होता.

रतनबाई घरी आल्या त्या दुपारी जयमाला त्यांच्याकडे गेली. अंगणात कडब्यावर तो फ्लेक्स होता, उन्हाने बिबट्याचे ठिपके पांढरे पडलेले. रतनबाई बाजेवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. अजिनाथ दाराच्या आत, भिंतीला टेकून, आईला दिसणार नाही असा. जयमाला खाली बसली आणि सांगायला लागली. शेगडी, नळी, तीन दुकानं, सगळं सांगितलं. मधेच तिला कळलं की हे समजावणं म्हणजे आडोसा आहे, आणि ती थांबली.

"मावशी, अजिनाथनं जे पुसलं, त्यात फोटो हुते नुसते. भोंगा माज्यामुळं बंद पडला. मी नवं बसवलं आन तपासलं न्हाई."

आतून अजिनाथ पुढे आला. "पन पिन मी काढली हुती."

"लाइट गेली असती तरी त्येच झालं असतं. आठ दिसात कवातरी जातीच."

"लाइट न्हाई गेली. मी काढली." तो तसाच उभा राहिला. त्याची सुटका करायला म्हणून जयमाला आली होती, आणि ती त्याला पुरी देता येत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं.

रतनबाई हाताच्या बँडेजकडे बघत होत्या. "त्याला मी कवा काय म्हनले? त्योच तोंड लपवून बसलाय," त्या म्हणाल्या. मग जयमालाकडे वळल्या. "मला सांगून काय उपेग, पोरी? माजा हात माजापाशी हाय. ग्रामसभंत सांग. तिथं त्याला काढाय निघालेत."

"सांगते."

"आन तुज्यावर राग न्हाई असं मी म्हननार न्हाई. हाय. लई हाय."

"व्हय, मावशी."

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. पहिल्या रांगेत भाऊसाहेबांना खुर्ची होती. विषय निघाल्याबरोबर जयमाला उठली आणि यावेळी दुकानं-शेगड्या काही न काढता तिने चार वाक्यांत सांगितलं. बदल मी केला. तपासणी मी केली नाही. अजिनाथने पुसलं त्याचा संबंध नाही. गेले आठ दिवस मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही.

मग कुणी म्हणालं, यातलं आपल्याला काय कळतंय. मागून कुणी म्हणालं, "तरी मी म्हनत हुतो, कुनाच्याबी हातात..." आणि पुढचं गिळलं. गिळलेलं सगळ्यांना ऐकू आलं. आबासाहेब घाईने म्हणाले की झालं ते झालं, विषय वाढवू नये, आणि अजिनाथचा विषय त्यांनी कागदावरून खोडला.

त्या गिळलेल्या वाक्याबरोबर भाऊसाहेब खुर्चीतून उठले होते. जयमालाला वाटलं, घरी निघाले. ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. सभा आणखी अर्धा तास चालली, पाणीपट्टीचं झालं, रस्त्याचं झालं, आणि ते उभेच होते. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर दुसरंही कुणी बसलं नाही.

आता पंचायतीच्या भिंतीवर एक मोठा कागद आहे. तीन रकाने, तीन दुकानांचे. प्रत्येक तुकडा आणि त्याची आवृत्ती भाऊसाहेबांच्या अक्षरात. खाली लिहिलंय, एकाला हात लावला तर तिघांची तपासणी. दर शनिवारी पाच वाजता अजिनाथ मशीन बंद करतो, दहा मिनिटं थांबतो, चालू करतो, आणि मग कडब्यावरचा फ्लेक्स काढून उसाच्या कडेला कॅमेऱ्यापुढे धरतो. टेबलावर एक लांबुडकी वही आहे. तारीख, बंद, चालू, भोंगा वाजला का, आणि शेवटचा रकाना ऐकणाराच्या सहीचा. यंत्रणेने स्वतःबद्दल काय सांगितलं ते धरायचं नाही, माणसाने कानाने ऐकून लिहून द्यायचं, हे जयमालाने ठरवलं.

पहिल्या शनिवारी ती मुद्दाम गावी आली होती. सही कुणाची घ्यायची, यावर पंचायतीत चुळबुळ चालली होती. भोंगा वाजला. लांबवर, गल्लीच्या टोकापर्यंत वाजत राहिला. थोड्या वेळाने अजिनाथ फ्लेक्स गुंडाळून परतला आणि पाठोपाठ रतनबाई सावकाश चालत आल्या. डाव्या काखेत रिकामा डबा होता, माळ्यावरून काढलेला. डबा त्यांनी टेबलावर ठेवला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "कुटं करायची सही?"

रतनबाईंना सही येत होती. पन्नाशीत शिकल्या होत्या, अजिनाथनेच पाटीवर गिरवून घेतली होती, आणि रेशनच्या दुकानात अंगठ्याची गादी पुढे केली की त्या ती बाजूला सारून पेन मागत. पंचायतीत हे ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. 'र' च्या जागी एक वाकडी रेघ उमटली आणि रकान्याबाहेर गेली. दुसऱ्यांदा टेकवलं, नुसता ठिपका झाला. अजिनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. रतनबाईंनी पेन वहीवर आडवं ठेवलं आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"गादी आन," त्या जयमालाला म्हणाल्या.

जयमालाने कपाटातून शाईची गादी काढली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी धरली. रतनबाईंनी अंगठा दाबला, वहीत उठवला, उचलून नीट उमटलाय का ते बघितलं.

"पुढच्या शनवारी तू नसलीस तरी मी यीन," त्या म्हणाल्या. मग डबा काखेत घेतला, दारात थांबलेल्या दोघी बायकांना हाक मारली आणि तिघी मिळून गवताला गेल्या. उसाच्या बाजूने बराच वेळ डबा वाजताना ऐकू येत होता.